मानपत्रात काय लिहावे?

वाचकहो, मानपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे कसे आले ते आता नीटसे आठवत नाही. शाळेत होतो तेव्हा निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचे एक लिहिले, ते लोकांना आवडले, आणि तेव्हापासून नांदुरा तालुक्यात कोणाचा सत्कार निघाला की पोरे माझ्या ओसरीवर येऊन बसतात. पोस्टमास्तर, कंपाउंडर, सोसायटीचे सेक्रेटरी, एकदा तर तीस वर्षांत एकही अपघात न केलेले एस.टी.चे ड्रायव्हर, अशा कितीतरी जणांची मानपत्रे मी लिहिली. सोनेरी चौकट, वर काच, पहिली ओळ लाल शाईची. बहुतेकांच्या घरी ती दाराच्या वर टांगलेली आहेत आणि त्यांच्यामागे चिमण्यांनी घरटी केली आहेत. चिमण्यांबद्दल माझी तक्रार नाही. मानपत्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही, एवढे मात्र मला त्यावरून कळले.

यंदा दिवाळीच्या आधी, सोयाबीन घरात येऊन पऱ्हाटीचा पहिला वेचा चालू असताना, पूर्णाकाठच्या एका गावाहून चार पोरे मोटारसायकलींवर आली. गावाचे नाव लिहीत नाही. ज्यांचा सत्कार व्हायचा होता त्यांनीच तशी अट घातली आहे.

“गुरुजी, आपल्या गावचे मिल्ट्रीतले साहेब रिटायर होऊन येऊन राह्यले. कर्नल हायेत. लय मोठा कार्यक्रम ठरोला. मानपत्र तुमीच लिवा.”

मजकूर त्यांनी फोनमध्ये लिहूनच आणला होता. मी चष्मा लावून वाचला. रणधुरंधर, शत्रूचा कर्दनकाळ, सिंहाचा छावा, मातृभूमीसाठी रक्ताचा सडा शिंपणारे. एवढे सगळे एका वाक्यात.

“साहेब कोणत्या पलटणीत होते?” मी विचारले.

कोणी बोलेना.

“नोकरी किती वर्षे झाली?”

“लय वर्षं झाले जी.”

“लढाई कोणती पाहिली?”

“कारगिल लढले असतीन ना,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “छातीवर पट्ट्या हायेत गुरुजी, फोटोत दिसते.”

मी फोन परत दिला आणि म्हटले, मानपत्र उद्या मिळणार नाही. आधी माणूस पाहतो.

दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत एस.टी. आणि पुढे एका ऑटोत बसून गेलो. गाव खारपाणपट्ट्यातले. काळी जमीन हातभर भेगाळणारी, आणि विहिरीचे पाणी असे की तोंडात धरवत नाही. कर्नलसाहेबांचे घर म्हणजे जुनी धाब्याची खोली आणि तिला जोडून बांधलेल्या दोन नव्या खोल्या. साहेब अंगणात फवारणीचा पंप खोलून बसले होते. वॉशर, नोझल, स्प्रिंग, सगळे एका गोणपाटावर ओळीने मांडलेले. मला पाहून उठले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “गुरुजी, पाच मिनिटं द्या, नाहीतर यातला एक भाग कोंबडी घेऊन जाईल.”

वय चौपन्न. फौजेत कर्नल साधारण त्याच वयाला निवृत्त होतो. ब्रिगेडियर छप्पन्नला, मेजर जनरल अठ्ठावन्नला, लेफ्टनंट जनरल साठीला. जवानाची पाळी तर त्याच्याही कितीतरी आधी येते, चाळिशीच्या आसपास. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे माणूस बापाच्या हातून कारभार घ्यायला लागतो, त्या वयात शिपाई घरी परततो. आणि २०२२ पासून अग्निपथ योजनेत जी पोरे भरती होतात त्यांची नोकरी तर चारच वर्षांची. त्यांतली जास्तीत जास्त चौथाई पुढे कायम होतात. पंचविशीच्या आतला निवृत्त माणूस गावात यायला लागेल तेव्हा त्याचा सत्कार कसा करायचा, याचा विचार कोणत्याही मंडळाने अजून केलेला मी ऐकला नाही.

कर्नलसाहेब सॅपर निघाले. सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनिअर. पूल टाकायचा, रस्ता काढायचा, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले सुरुंग उचलायचे, हे त्यांचे काम. आपल्याकडचे सॅपर पुण्याजवळच्या खडकीचे, बॉम्बे सॅपर्स. आपल्या नागपूरचे जनरल मनोज पांडे हेही तिथलेच. डिसेंबर १९८२ मध्ये ते अधिकारी झाले, ३० एप्रिल २०२२ रोजी लष्करप्रमुख झाले आणि ३० जून २०२४ रोजी निवृत्त झाले. सॅपरमधून लष्करप्रमुख झालेले ते पहिले. विदर्भातल्या माणसाने त्या खुर्चीपर्यंत जाणे ही लहान गोष्ट नव्हती. पण आपल्याकडच्या किती घरांत ती बातमी चहाबरोबर वाचली गेली असेल, याची मला शंकाच आहे.

मी विचारले, फौजेत निरोप कसा देतात? त्यांना हा प्रश्न आवडला असावा, कारण हातातला स्क्रू त्यांनी खाली ठेवला. पलटणीचा मुख्य अधिकारी जायला निघाला की त्याची जीप इंजिन बंद ठेवून उभी करतात. तिला दोर बांधतात आणि हाताखालचे अधिकारी आणि जवान ती ओढत फाटकापर्यंत नेतात. आदल्या रात्री बडाखाना असतो. साहेब, सुभेदार, शिपाई, स्वयंपाकी, सगळे एका मांडवात जेवतात. लष्करप्रमुख निवृत्त होतो तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर फुले वाहून निघतो, सलामी घेतो आणि त्याच दिवशी दुसऱ्याच्या हाती कारभार देतो. भाषणे थोडी. हार नाहीत म्हटले तरी चालेल.

“आणि लढाई?” मी भीत भीत विचारले. पोरांसाठी काहीतरी न्यायचे होते ना.

ते हसले. “गुरुजी, सगळे हेच विचारतात, किती मारले. मी एकही मारला नाही. मी सुरुंग काढले.”

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि आपली सगळी फौज सीमेवर जाऊन उभी राहिली, हे जाणत्या वाचकांना आठवत असेल. ऑपरेशन पराक्रम असे त्याचे नाव. पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवर त्या वेळी मैलोन्मैल सुरुंग पेरले गेले, आणि ते काही पडीक जमिनीत नव्हते. बहुतेक शेतकऱ्यांच्या वाहत्या शेतांत होते. उभ्या गव्हात, मोहरीत. पेरताना आणि काढताना आपलेच कितीतरी जवान गेले. युद्ध झाले नाही. २००२ च्या ऑक्टोबरात फौज मागे घ्यायचे ठरले, पण सुरुंग काही आपण होऊन परत येत नाहीत. आमचे कर्नलसाहेब तेव्हा तरुण कॅप्टन होते.

“एक सरदार म्हातारा रोज सकाळी बांधावर येऊन बसायचा. काही बोलायचा नाही. दोन हंगाम त्याचं शेत बंद होतं. आम्ही पोटावर झोपून, सळईनं एकेक वीत जमीन तपासत पुढं सरकायचो. शेवटचा सुरुंग निघाला, नकाशाशी हिशोब जुळला, मी त्याला सांगितलं, बाबाजी, शेत साफ आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. कशावर विश्वास ठेवायचा त्यानं? मग आम्ही सगळे एका रांगेत उभे राहिलो आणि त्या शेतातून या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेलो. परत आलो. तेव्हा त्यानं ट्रॅक्टर चालू केला.”

आत त्यांची आई ज्वारी निवडत होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकले असावे. सूप तसेच हातात राहिले.

मोठे भाऊ शेतातून आले. दहावी होऊन त्यांनी शाळा सोडली होती, धाकट्याला शिकू दिले. हे त्यांनी सांगितले नाही. कर्नलसाहेबांनी सांगितले, आणि म्हणाले की मानपत्रात एक ओळ दादांची असू द्या. मी वहीत लिहून घेतली.

उठताना साहेब म्हणाले, “गुरुजी, शाल, नारळ, जे करायचं ते करू द्या पोरांना. मला फक्त दहा मिनिटं बोलायचं आहे. भरतीच्या दलालांबद्दल.”

वाचकहो, पहाटे चारला हायवेवरून जाऊन पाहा. मलकापूरपासून खामगावपर्यंत डांबरी कडेने पोरे धावताना दिसतात. पायांत बूट कसलेही, पण धावण्यात खोट नाही. या पोरांच्या मागावर काही माणसे असतात. साहेबांशी ओळख आहे, मेडिकलला सांभाळून घेतो, यादीत नाव घालतो, एवढे एवढे लाख लागतील. बाप एकर विकतो. पोरगा आपल्या मेहनतीने लागला तर दलाल पैसे पचवतो, नाही लागला तर फोन बंद. कर्नलसाहेबांचे म्हणणे, “फौजेत भरतीला परीक्षेची ठरलेली फी सोडली तर एक रुपया लागत नाही. आता तर आधी संगणकावर परीक्षा, मग धावणं, मग तपासणी. यात मध्ये हात घालायला कोणाला जागा नाही. मी तीस वर्षं आतून पाहिलं आहे. माझ्या तोंडून ऐकलं तर लोक ऐकतील.”

मी पोरांना हे सांगितले तर त्यांची तोंडे पडली.

“गुरुजी, पाव्हण्यांचे भाषणं हायेत. आमदार साहेब येऊन राह्यले. टाइम नाई उरत.”

एवढेच कारण नव्हते. थोड्या वेळाने दुसऱ्याने हळूच सांगितले, की मांडवाचा आणि साउंडचा खर्च ज्याने उचलला आहे तो भरतीचे क्लास चालवतो, आणि त्याच्याबद्दल लोक बोलतात. सगळे क्लासवाले तसे नसतात, हे मी येथे स्पष्ट लिहितो. पुष्कळ माजी सैनिक अल्प फी घेऊन जीव तोडून शिकवतात. पण हा एक होता, आणि बॅनरवर त्याचा फोटो कर्नलसाहेबांच्या फोटोएवढाच मोठा होता.

मी चहा मांडायला सांगितला आणि पोरांना म्हटले, बसा. तुम्हांला एका पाटलाची गोष्ट सांगतो.

कोल्हापूरकडच्या वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणत. जन्म १९०६ चा. इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले. हिंदी माणसाला अधिकारी करणे हेच त्या काळी इंग्रजांच्या जिवावर येई, मग त्याच्या हाताखाली अख्खी पलटण देणे तर दूरच. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्यावर, १९४५ च्या जानेवारीत कांगावची जी लढाई झाली, तिथे एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. एक थिमय्या, दुसरे सेन आणि तिसरे आपले थोरात. जपान्यांनी घट्ट धरलेली टेकडी थोरातांच्या पंजाब पलटणीने घेतली. तिघांनाही डी. एस. ओ. हे मोठे पदक मिळाले.

पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. १९५३ साली कोरियातले युद्ध थांबले. तंटा उरला तो कैद्यांचा. चीनच्या आणि उत्तर कोरियाच्या फौजांतले बावीस हजारांहून अधिक कैदी परत जायला तयार नव्हते. खरेच तयार नाहीत की त्यांना कोणी धाक घातला आहे, हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळायला कोणीतरी तिऱ्हाईत हवा होता. बांधाच्या भांडणात दोन्ही घरांना चालेल असा एखादाच माणूस गावात असतो, तसा त्या वेळी जगात भारत होता. आपली फौज गेली आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.

कैद्यांनी एक दिवस आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. आत शेकडो चिडलेली माणसे. गोळ्या चालवल्या तर मेजरही जाणार आणि कैदीही, आणि भारताच्या शब्दाला जगात किंमत राहणार नाही. थोरात स्वतः आत गेले. आरडाओरडा चालू होता तो ऐकून घेतला. मग म्हणाले, चिनी माणूस पाहुण्याचा मान राखतो असे मी ऐकले होते, इथे तर मला कोणी चहासुद्धा विचारला नाही. घोळक्यात चुळबुळ झाली, चहा आला, सिगारेट आली. बोलणे निघाले आणि मेजरला घेऊन थोरात बाहेर आले. गोळी सुटली नाही. आता सांगा, कर्दनकाळ हा शब्द या माणसाला कुठे बसतो?

पोरे हसली. एकाने बिस्किटाचा पुडा पुढे ओढला. मी पुढे सांगितले.

१९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले. मुख्यालय लखनौला. आज आपण ज्याला अरुणाचल प्रदेश म्हणतो त्या भागाला तेव्हा नेफा म्हणत. १९५९ साली तिबेटात गडबड वाढली, सीमेवर चकमक झाली आणि नेफाची राखण फौजेकडे आली. थोरातांनी तो सगळा मुलूख अभ्यासला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर अहवाल पाठवला. थोडक्यात म्हणणे असे, की धोका चीनकडून आहे. आपली ठाणी विखुरलेली आहेत, रस्ते नाहीत, माणूस कमी, सामान कमी. आहे त्या स्थितीत हल्ला झाला तर आपण तो थोपवू शकणार नाही. लष्करप्रमुख जनरल थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटले नाही. त्यांना ती भीती घालण्याची भाषा वाटली.

थोरात गप्प बसले नाहीत. १७ मार्च १९६० रोजी लखनौला त्यांनी नकाशांवर लुटुपुटीची लढाई मांडली. ‘लाल किला’ असे तिचे नाव. चिनी कुठून येतील, कोणते ठाणे किती दिवसांत पडेल, हे सगळे त्यात होते. गारपिटीच्या आधी एखादा जुना माणूस आभाळ बघून सांगतो ना, गहू कापून घ्या, तसे. फरक एवढाच, की हा अंदाज नव्हता, त्या डोंगरांचा अभ्यास करून काढलेला हिशोब होता.

कागद फायलीत राहिला. थिमय्यांची इच्छा होती की आपल्यामागे थोरात लष्करप्रमुख व्हावेत. तसे झाले नाही, जनरल थापर यांची नेमणूक झाली. मे १९६१ मध्ये जवळजवळ पस्तीस वर्षांची नोकरी करून थोरात निवृत्त झाले. निरोप झाले असतील, सलामी झाली असेल. फौज त्यात कसूर करत नाही, हे मी आताच तुम्हांला सांगितले.

त्यानंतर सतरा महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने हल्ला केला. महिनाभरात काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घातलेली आपली पोरे बर्फात लढली आणि गेली. जे कागदावर होते त्यातले पुष्कळ डोंगरावर घडले. युद्धानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले, अहवाल पाहिला आणि विचारले की हे मला आधी का दाखवले नाही. थोरातांनी उत्तर दिले, ते आपण कृष्ण मेनन यांना विचारा. मेनन तोवर मंत्रिमंडळातून गेले होते.

थोरातांचे ऐकले असते तर आपण जिंकलो असतो, असे म्हणणे सोपे आहे, पण मी म्हणणार नाही. दोन वर्षांत हिमालयात रस्ते होत नाहीत. पण लोकरीचे कपडे होतात. माणसे कुठे उभी करायची आणि कुठे नाही, हे तरी ठरवता येते. पस्तीस वर्षे ज्या माणसाला देशाने शिकवले, पोसले, लढायला पाठवले, त्याने शेवटी जे सांगितले तेच तेवढे घ्यायचे राहून गेले, याचे मला वाईट वाटते.

थोरात पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, कोल्हापुरात राहिले. आत्मचरित्र लिहिले, त्याला नाव दिले ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’, म्हणजे पहाटेच्या बिगुलापासून संध्याकाळच्या बिगुलापर्यंत. १० ऑगस्ट १९९२ रोजी ते गेले. त्यांचे चिरंजीव यशवंत थोरात पुढे नाबार्डचे अध्यक्ष झाले, म्हणजे तुमच्या-आमच्या पीककर्जाशी या घराचा थोडा संबंध आहेच.

माझी गोष्ट संपली तेव्हा चहा गार झाला होता. पोरे उठली. जाताना काही बोलली नाहीत. मला वाटले, दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतील.

दोन दिवसांनी फोन आला. “गुरुजी, बॅनर बदललं. मांडव आमी वर्गणीतून करून राह्यलो. साउंड लहान हाये, चालते ना?”

म्हटले, पळते.

मानपत्र मी एका संध्याकाळी लिहिले. त्यात कर्दनकाळ नव्हता. किती साली फौजेत गेले, कोणते काम केले, किती शेते सुरुंगांतून मोकळी करून त्यांच्या धन्याच्या स्वाधीन केली, किती नद्यांवर पूल टाकले, हे होते. आकडे त्यांच्याकडूनच तपासून घेतले. दादांची ओळ होती, आईची होती. लाल शाई पहिल्या ओळीला वापरली, ती सवय काही सुटत नाही. सगळे मिळून अकरा ओळी झाल्या. चौकटवाला म्हणाला, गुरुजी, अर्धा कागद कोरा राहतो. राहू दे म्हटले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारीच पोचलो. फाट्यावर पोरांनी बैलगाडी आणून उभी केली होती. बैल नव्हते. जूला दोर बांधला होता आणि पंधरावीस पोरे दोर धरून उभी होती. जीप काही मिळाली नाही, कोणीतरी म्हणाले. कर्नलसाहेबांनी ती गाडी पाहिली आणि क्षणभर त्यांना बोलता येईना. मग त्यांनी आईला आणि दादांना गाडीत बसवले, कोट काढून दादांच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः येऊन दोर धरला. पोरे नको नको म्हणत होती. पण सॅपर माणूस, दोर सोडतो कशाला. दादा मात्र गाडीत अवघडून बसले होते. रोज बैलांच्या मागे चालणाऱ्या माणसाला असे ओढून नेलेले सोसत नाही.

भाषणे झाली. आमदार साहेबांना दुसऱ्या गावी जायचे होते, त्यांनी आटोपते घेतले, हे बरे झाले. मानपत्र मीच वाचले. मग कर्नलसाहेब उभे राहिले आणि दहा मिनिटे म्हणून बावीस मिनिटे बोलले. भरती कशी होते, प्रत्येक पायरीला काय लागते, कोणता कागद, कोणते वय, मेडिकलला पोरे कशाने बाद होतात, त्यातले काय आधी दुरुस्त करता येते. दलाल कसा बोलतो याची त्यांनी नक्कल केली तेव्हा बायकांच्या बाजूने हसण्याचा आवाज आला. मग म्हणाले, “ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनी लाजू नका. माझ्याकडे या.” टाळ्या फारशा झाल्या नाहीत. लोक एकमेकांकडे पाहत होते. मागे एका कोपऱ्यात चार-पाच जण उठून निघून गेले.

रात्री बडाखाना होता. म्हणजे आपलेच वांग्याची भाजी, रोडगे आणि वरण, पण पंगत एक होती. कोतवाल, सरपंच, मांडववाले आणि मी एका रांगेत जेवलो. शेवटची गाडी गेली होती म्हणून मी तिथेच मुक्काम केला.

सकाळी बाजेवर बसून चहा घेत होतो. कर्नलसाहेब पुन्हा तो फवारणीचा पंप घेऊन बसले होते, एक नोझल अजून गळत होते. कवाडाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, पायांत चप्पल नाही. आत ये म्हटले तरी येईना.

“साहेब, रातचं तुमी बोल्ले ना...” एवढे म्हणून तो थांबला. मग बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. “माह्या पोराचं तसंच झालं जी. दीड एकराचा सौदा केला. इसाराचे पन्नास हजार त्या माणसाले देऊन बसलो. दिवाळी झाली की खरेदी करून द्या लागते.”

कर्नलसाहेबांनी नोझल गोणपाटावर ठेवले, हात पुसले आणि इसारपावती दोनदा वाचली. मागच्या बाजूला काही लिहिले आहे का ते पाहिले. त्या माणसाला बाजेवर माझ्या शेजारी बसवले.

“खरेदी झाली नाही ना अजून?”

“नाई जी.”

“पोरगा कुठं आहे?”

“धावाले गेला.”

साहेब उठले आणि आत हाक मारली, “दादा, मोटारसायकलची चावी द्या. आम्ही दोघं नांदुऱ्याला जाऊन येतो.”